चाक दिसत नाही गं

बायको गेली, डोळ्यांनी दगा दिला आणि पाठोपाठ लायसन्सही गेलं, तेव्हा ड्रायव्हरकाकांच्या हातात धरण्यासारखं काही उरलं नाही. आयुष्यभर बस चालवलेला माणूस. रिकामे हात मांडीवर ठेवून बसणं त्याला जमेना. मग लांब राहणाऱ्या लेकीनं टेबलाला आवळायचं एक स्टिअरिंग पाठवलं. सोबत तिचा जुना कॉम्प्युटर, त्यात विंडोजऐवजी लिनक्स आणि बस चालवायचा एक गेम. शेजारी हसले. काका मात्र इस्त्रीचा शर्ट घालून ड्यूटीवर बसले.

पहिल्याच दिवशी गाडी अडली. स्टिअरिंगचा दिवा लागलेला, पण गेमला त्याचा पत्ताच नाही.

"बाबा, हा गेम बंद खोलीत चालतो," लेकीनं फोनवर समजावलं. "मुद्दामच तसं ठेवलंय, म्हणजे तो बाकीच्या कॉम्प्युटरमध्ये नाक खुपसणार नाही. आपण परवानगी दिल्याशिवाय त्याला बाहेरचं काही दिसत नाही. स्टिअरिंगसुद्धा."

"म्हणजे ड्रायव्हर आत आणि स्टिअरिंग बाहेर. असल्या डेपोत मी नोकरीच केली नसती."

ती हसली. मग तिनं तिकडूनच, इंटरनेटवरून, त्यांचा कॉम्प्युटर हातात घेतला. पडद्यावरचा बाण आपोआप हलू लागला, परवानग्यांच्या पानावर गेला आणि 'इनपुट उपकरणं' या ओळीसमोरचं बटण दाबून थांबला. गेम बंद करून पुन्हा उघडला, तर चाक फिरवताच बस वळली. काकांचं लक्ष बसकडे नव्हतं, थांबलेल्या बाणाकडे होतं. इतका वेळ जणू लेकच घरात वावरत होती, आणि आता खोली एकदम रिकामी झाली होती.

त्यानंतर ती परवानगी सारखी जाऊ लागली. काका फोन करत, "चाक पुन्हा दिसत नाही गं. अपडेटनं घालवलं वाटतं." लेक कामातून वेळ काढायची, बटण चालू करायची, जेवलात का विचारायची. ते बटण कुठं आहे हे काकांनी झोपेतही सांगितलं असतं. फोन लावण्याआधी तेच तर ते बंद करत. नुसती आठवण येते म्हणून फोन करणं त्यांना बापजन्मात जमलं नव्हतं.

एकदा मात्र बाण हललाच नाही.

"बाबा, ही परवानगी अपडेटनं जात नसते. कुणीतरी बंद करावी लागते."

काकांना वाटलं, आता ती चिडेल, तुमचं तुम्हीच करा म्हणेल, आणि हा बाण पुन्हा कधी हलणार नाही. त्यांनी चाक घट्ट धरून ठेवलं.

बाण त्या बटणापाशी आला, घुटमळला. मग ते न दाबताच मागे फिरला आणि भलतंच कुठलं तरी पान उघडून त्यात रेंगाळू लागला.

"आज वेळ लागेल," लेक म्हणाली. "चहा झाला नसेल तर करून आणा. मी इथंच आहे."