भावजींची कडक सीट

भावजी,

तुमची लेक महिनाभर माझ्या मागे लागली आहे. "काकू, बाबांवर काहीतरी लिही ना. त्यांचं कौतुक न करता तूच लिहू शकशील." म्हणून लिहिते. चिडायचं असेल तर तिच्यावर चिडा.

आयुष्यभर लोकांना बसवायचा धंदा केलात आणि स्वतः कधी धड बसला नाहीत. जेवायचं उभ्याने, पेपर वाचायचा येरझाऱ्या घालत. असा माणूस रेल्वेचे डबे बांधणाऱ्या कारखान्यात, तेही सीट विभागात, कसा टिकला हे मला अजून उलगडलेलं नाही. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात तुम्ही मला गंभीरपणे विचारलंत, "वहिनी, बराच वेळ बसलं की तुम्हाला आधी कुठे दुखतं?" नव्या नवरीला! मी चांगली एम. ए. झालेली, पण हा प्रश्न कुठल्याच पेपरात आला नव्हता. वाटलं, घरात एक वेडा आहे आणि लग्न ठरवताना सगळ्यांनी तो लपवला.

पुढे कळलं, तुम्ही हे टपालवाल्यालाही विचारता आणि दातांच्या डॉक्टरांनाही. कुणाच्या घरी गेलो की यजमानांची विचारपूस राहिली बाजूला, आधी त्यांच्या सोफ्यात कोपर खुपसायचं. "सहा महिन्यांत बसेल हा," असं जाहीर करायचं. यजमानीण चहात साखर घालायची विसरायची ती उगाच नाही.

तुमचा हट्ट एकच होता, सीट कडक हवी. "मऊ सीट दुकानात विकायला ठीक," तुम्ही म्हणायचा. "पाच मिनिटं बसायचं, वा वा म्हणायचं. गाडीत माणूस रात्रभर बसतो. मऊ फोम दबत जातो, माणूस खाली रुततो, कंबरेला आधार उरत नाही. मग तो कूस बदलत बदलत पहाट करतो आणि शिव्या इंजिन ड्रायव्हरला देतो."

पटण्यासारखं होतं. पण निवड समितीला ते पटवणार कोण? समिती येई, एकेक जण टेकून बघे आणि पाच मिनिटांत उठे. दोनदा तुमची सीट नापास झाली. "ही सीट आहे की फळी?" असं मोठे साहेब म्हणाले, ते तुम्ही घरी येऊन तीन दिवस सगळ्यांना ऐकवलंत. दोन्ही वेळा पास झाली ती तुमच्या विभागातल्या त्या गुबगुबीत डिझायनरची. त्याला तुम्ही 'लोणी' म्हणायचा. त्याच्या सीटही तशाच आणि साहेबांशी बोलणंही तसंच.

तिसरी वेळ आली ती रात्रीच्या नव्या लांब पल्ल्याच्या गाडीची. या खेपेला हरलात तर सीट विभाग लोण्याच्या हाती जाणार आणि तुमची रवानगी भांडारात, नळाचे वॉशर मोजायला. तुम्ही स्वयंपाकघरात ओट्यापासून दारापर्यंत फेऱ्या मारत होता. मला भाजी चिरायला जागा नव्हती.

"वहिनी, समितीला फक्त तीन तास बसवता आलं पाहिजे हो. एकदाच."

"मग बांधून ठेवा."

"चेष्टा नको."

"चेष्टा कुठली? बांधून ठेवायला आई आहेत की घरात."

तुम्ही जागच्या जागी थांबलात. तेवढंच काय ते तुम्हाला थांबलेलं बघितलं.

सासूबाईंच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची हकिकत ज्याने ऐकली नाही त्याला कळायचं नाही. त्या एकदा सुरू झाल्या की मध्ये उठायची कुणाची छाती नव्हती. विमा एजंट आला होता, तो दिवेलागणीला विम्याचं नाव न काढता गेला आणि परत फिरकला नाही.

मोठ्या साहेबांची बायको माहेरी गेली होती आणि साहेब कँटीनला कंटाळले होते. तुम्ही त्यांना रविवारी जेवायला बोलावलंत, लोण्यालाही, आणि समितीतल्या त्या किडकिडीत हिशेबनीसालाही. तुमच्या आणि त्याच्या सीटचे नमुने टेम्पोत घालून घरी आणलेत आणि सोफा माडीवर चढवलात. "घरच्या माणसांची मतं घेतोय," असं साहेबांना सांगितलंत. खोटं नव्हतं ते.

जेवणं झाल्यावर बसवायचं काम माझं. साहेबांना मानाने मऊ सीटवर बसवलं. लोणी आपणहून त्यांच्या शेजारी टेकला, खुशीत. कडक सीट उरली ती हिशेबनीसाला. तो बिचारा आधी बोटांनी चाचपून मग बसला. समोर पलंगावर सासूबाई. त्यांना आपण काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी हकिकत आवरती घेतली असती.

"आई, साहेब विचारत होते, तुमचं ऑपरेशन कसं झालं?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. विचारलं कधी, हे त्यांना आठवेना. तोवर सासूबाई डॉक्टरच्या आजोबांपर्यंत पोचल्या होत्या.

पहिला तास शांत गेला. लोणी हात पसरून ऐसपैस बसला होता. तुम्ही मात्र दर दोन मिनिटांनी दारातून डोकावायला निघायचा आणि मी तुमचा शर्ट धरून मागे ओढायची.

"काय करताहेत?"

"बसलेत. तुम्हीही बसा."

"साहेब हलले का?"

"अहो, तुम्ही हलायचे थांबा आधी!"

दुसऱ्या तासात साहेबांनी एक पाय दुसऱ्यावर टाकला. मग दुसरा पहिल्यावर. मग पाठीशी उशी मागितली. मग एका बाजूला कलले. लोणी त्यांच्याकडे घसरत होता, कारण मधला फोम पार दबला होता. दोघांचे खांदे भिडले आणि दोघे एकमेकांची माफी मागायला लागले.

"मी जरा उभा राहू का?" साहेब म्हणाले.

"बसा हो," सासूबाई म्हणाल्या. "आता तर मला टेबलावर घेताहेत."

आणि तेवढ्यात खोलीत घोरण्याचा आवाज झाला. हिशेबनीस! कडक सीटवर, मान मागे टाकून, हात मांडीवर, गाढ. साहेब त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग उठले, कंबरेला हात लावून, आणि त्याला हलवलं.

"उठा. तुम्ही तिकडे बसा. मला इथे बसायचंय."

दाराआड तुम्ही माझं मनगट असं आवळलंत की चार दिवस वळ होते.

साहेब तिथे बसले आणि खडे काढेपर्यंतच काय, टाके काढेपर्यंत हलले नाहीत. लोण्याच्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. निघताना तो उठला आणि परत बसला. त्या आठवड्यात तुमची सीट पास झाली. सासूबाईंचं मत विचाराल तर, "माणसं चांगली होती, ऐकून घेतात. तो गुबगुबीत मात्र सारखा चुळबुळत होता. जंत असतील, सांगा त्याला."

ती सीट परत कारखान्यात जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी पहिल्यांदा तिच्यावर बसले. रविवारी वाढण्यात वेळ गेला होता. पाठ झकास, कंबर झकास. पण पाय जमिनीला लागेनात. अर्ध्या तासात मांडीखाली कड रुतायला लागली.

"भावजी, मापं कुणाची घेतली होती?"

"कारखान्यातल्या सगळ्यांची."

"त्यात बायका किती?"

बराच विचार करून तुम्ही म्हणालात, "आई."

"आई सीटवर मांडी घालून बसतात!"

तुमचा चेहरा पडला. आणखी कुणी असता तर म्हणाला असता, आता मंजूर झालं, जाऊ दे. तुम्ही म्हणालात, "खाली पाय टेकवायला दांडी लावता येईल, नकाशात अजून बदल होतो. शनिवारी कारखान्यात या वहिनी, गुडघ्यापासून टाचेपर्यंत नीट माप घेतो. तुमच्या कॉलेजात शिकवणाऱ्या दोघी-चौघींना पण आणा."

त्या शनिवारी माझ्याकडे पेपर तपासायला होते. पुढच्या शनिवारी तुम्हाला साहेबांनी चाचणीच्या गाडीवर पाठवलं. त्यानंतर मी म्हणायचे, "कधी येऊ?" आणि तुम्ही फेऱ्या मारत म्हणायचा, "या शनिवारी नको, पुढच्या." नकाशा दांडीशिवायच छापून गेला, डबे रुळांवर आले, तुम्ही निवृत्त झालात, मीही झाले. मापाची टेप तुम्ही माझ्याकडे देऊन ठेवली होती, ती शिवणाच्या डब्यात आहे. शनिवारी घरी असते मी.