न मागता मिळालेली लिंक

असोद्यातला भूपेंद्र नारखेडे नेमकं काय करतो, याबद्दल गावात तीन मतं होती. पानटपरीचं मत असं की तो ऑनलाइन पत्ते खेळतो. दूध डेअरीचं मत असं की तो सरकारी काम करतो, पण ते सांगायची त्याला बंदी आहे. तिसरं मत चक्कीवाल्या इंदिराबाईचं. तिने एकदा त्याला सरळच विचारलं होतं आणि तो म्हणाला होता, “काकू, मी जोडून देण्याचं काम करतो.” तेव्हापासून भूपेंद्र परदेशातल्या लोकांची लग्नं जुळवतो, ही बातमी पिठाच्या डब्यांसोबत घरोघर गेली. त्यात त्याचं स्वतःचं लग्न एकतिसाव्या वर्षीही जुळत नव्हतं, म्हणून बातमीला चव जास्त.

काम तसं सोपं होतं, सांगायला अवघड. एखादी वेबसाइट ‘मी चांगली, मी चांगली’ म्हणून कितीही ओरडली, तरी गुगल तिच्या ओरडण्यावर जात नाही. दुसऱ्या चार वेबसाइटी तिच्याकडे बोट दाखवतात का, ते बघतं. ते बोट म्हणजे लिंक. बोटं जास्त आणि भल्या माणसांची, तर साइट वर. नाहीतर शोधणाऱ्याच्या नजरेसही पडत नाही. भूपेंद्र लोकांना बोट दाखवायला लावायचा. बी. कॉम. होऊन त्याने हे घरच्या खोलीत बसून, आपलं आपण शिकून घेतलं होतं.

आणि शिकताना एकदा तोंडावर आपटलाही होता. जळगावात ललितचं भरिताचं हॉटेल आहे. त्याच्या वेबसाइटचं काम भूपेंद्रकडे आलं तेव्हा हिवाळा तोंडावर होता, म्हणजे भरिताचा हंगाम. भूपेंद्रला घाई झाली. लिंका विकणाऱ्या कुणा परक्या टोळीकडून त्याने दोनशे लिंका एकदम घेऊन टाकल्या. दोनशे ठिकाणी एकच वाक्य: ‘जळगावचे सर्वोत्तम भरीत’. ही ठिकाणं कोणती? एक फुटबॉलचे बूट विकणारं, एक केस गळतीच्या औषधाचं, आणि पाच-पन्नास अशी की त्यांची भाषाच ओळखू येईना. अठरा दिवस हॉटेल पहिल्या पानावर झळकलं. एकोणिसाव्या दिवशी असं बुडालं की हॉटेलचं पूर्ण नाव टाकलं तरी समोरच्याचं दुकान दिसायचं.

ललितचा फोन आला. “भूपेन भाऊ, हॉटेल जागेवर आहे ना रे? मी आत बसलोय म्हणून विचारतो.”

त्यानंतर दोन महिने भूपेंद्रने एकच काम केलं. ज्या दोनशे जणांनी हॉटेलचं कौतुक केलं होतं, त्यांना पत्रं पाठवली, की कृपया आमचं कौतुक काढून टाका. निम्म्या साइटींना तर मालकच नव्हता. पत्रं तशीच परत यायची. ती परत आलेली पत्रं बघताना त्याला पहिल्यांदा कळलं, की ज्यांनी ललितची वाहवा केली त्यांच्यातल्या एकानेही त्याचं भरीत तोंडात घातलेलं नव्हतं.

मग त्याने दुसरा रस्ता धरला. खरं काहीतरी लिहायचं, वाचणाऱ्याच्या कामाचं. भरिताचं वांगं कसं ओळखावं, कपाशीच्या काड्यांवर ते किती वेळ आणि कोणत्या बाजूने भाजावं, साल कधी सोडावी. हे सगळं ज्याला येतं असा माणूस असोद्यात एकच, सुकदेव कोल्हे. आणि सुकदेवशी नारखेड्यांचं आठ वर्षं बोलणं बंद. भूपेंद्रच्या वडिलांची, तोतारामांची केळी आणि सुकदेवची वांगी यांच्यामध्ये एक बांध आहे. बांधावरची बाभूळ कोणाची, यावरून जुंपली होती. बाभूळ कधीच वाळून चुलीत गेली. भांडण मात्र हिरवंगार.

तोताराम बाजाराला गेलेले पाहून भूपेंद्र बांध ओलांडून गेला आणि ललितचं हॉटेल आपल्या हातून बुडालं, म्हणून शिकायला आलो, असं म्हणाला. सुकदेवने पाठ फिरवली.

“तोतारामचा पोरगा ना तू? मंग मी तुह्याशी बोलत नही. मी वांग्याशी बोलतो. तुले आयकू आलं त आयक.”

असे चार दिवस सुकदेव वांग्याशी बोलला आणि भूपेंद्रने लिहून घेतलं. शेवटच्या दिवशी सुकदेवच्या हातातल्या फिकट हिरव्या, हातभर वांग्याचा फोटो काढला. लेखाखाली लिहिलं: ‘ही सगळी माहिती सुकदेव कोल्हे, असोदा, यांची.’ लेख ललितच्या साइटवर चढला. पुढे शेतीच्या एका विद्यार्थ्याने त्याची लिंक आपल्या टिपणात दिली. सुरतेतल्या खान्देशी मंडळाने दिली. पुण्याच्या एका बाईने आपल्या स्वयंपाकाच्या पानावर दिली. वर्षभरात सगळ्या मिळून सात. यातली एकही मागितलेली नव्हती. त्या सातांवर हॉटेल हळूहळू वर आलं आणि तिथंच राहिलं. सुकदेव मात्र एका शब्दाने काही बोलला नाही. पाठ होती तशीच.

हे सगळं भूपेंद्रने आयुष्यात एकाच माणसाला पूर्ण सांगितलं होतं. भुसावळच्या एका लग्नात, पंगतीची वाट बघताना. भूमिका तिचं नाव. धुळ्याला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. तिने विचारलं, “तुम्ही करता काय?” आणि सांगून होईपर्यंत इकडे-तिकडे बघितलं नाही. शेवटी म्हणाली, “म्हणजे खोट्या नमुन्यावरचा रिपोर्ट तुम्हाला परत घ्यावा लागला.” भूपेंद्र घरी आला तो तेच वाक्य घेऊन. पुढे महिन्याभरात दोन्ही घरांत बोलणं निघालं, त्याने स्वतःच्या हाताने परिचयपत्र करून पाठवलं, आणि धुळ्याहून निरोप आला: मुलीचे मामा, भिकनराव, गावात चौकशीला येतील.

आता चौकशी म्हणजे काय, हे आपल्याकडे सांगायला नको. मामा घरी आधी येत नाहीत. बसमधून उतरतात, चहा पितात, दाढी करतात, दळण नसताना चक्कीवर उभे राहतात आणि सहज विचारतात, “हे नारखेडे कसे लोक आहेत?” पोराचं नशीब तिथं ठरतं.

भूपेंद्रची आई धुरपदाबाई हे पुरतं जाणून होती. तिने आठवडाभर आधीच गावातली अकरा ठिकाणं गाठली. कुणाकडे केळ्याचा घड गेला, कुणाकडे लोणचं. आणि प्रत्येकाला एकच वाक्य पाठ करायला दिलं: ‘पोरगा लाखात एक, निर्व्यसनी, कॉम्प्युटर इंजिनेर हाये.’

भूपेंद्रला हे कळलं ते कुंदनच्या सलूनमध्ये. गालाला साबण लागलेला असताना कुंदन म्हणाला, “भूपेन भाऊ, बराबर झालं का सांगा. पोरगा लाखात एक, निर्व्यसनी, कॉम्प्युटर इंजिनेर.”

“कोण रे?”

“तुम्हीच ना! काकूनं पाठ करून घेतलं. चक्कीवर इंदिराबाईचं मह्यापेक्षा चांगलं जमते.”

 अर्धी दाढी तशीच ठेवून भूपेंद्र घरी पोचला.

“आई, मी इंजिनेर कुठं आहे? परिचयपत्रात बी. कॉम. लिहिलंय मी.”

“बी. कॉम. काय सांगाचं असते का कोनाले? गल्लीत सात बी. कॉम. पडले हायेत.” धुरपदाबाईने वातीचा कापूस पिंजायचं थांबवलं नाही. “तू दुसऱ्यांसाठी हेच करते ना दिवसभर? मी मह्या पोरासाठी केलं त काबरं वाईट?”

 भूपेंद्र खोलीत जाऊन बंद कॉम्प्युटरसमोर बसला. आईने केलं ते त्यानेच पहिल्या वर्षी केलं होतं. फरक एवढाच, की त्याच्या दोनशे जणांना ललित ठाऊकच नव्हता आणि आईचे अकरा जण भूपेंद्रला लंगोटात असल्यापासून ओळखत होते. त्यांच्यापाशी त्याच्याबद्दल सांगण्यासारखं खरं काहीतरी असणारच. इंदिराबाईच्या चक्कीची मोटर त्याने दोनदा सुरू करून दिली होती. कुंदनच्या पोरीचा शाळेचा अर्ज त्याने भरला होता. पण पाठ केलेलं वाक्य असं असतं, की ते आत शिरलं की घरातलं खरं बोलणं बाहेर बसतं.

तेव्हा भूपेंद्र निघाला. मोटरसायकल काढली आणि अकराही ठिकाणी कौतुक काढून टाकायची विनंती करत फिरला. याआधी तो पत्रं पाठवायचा, आता हात जोडायचा. पण परदेशी साइटींत निम्म्यांना निदान मालक नव्हते. इथं सगळे मालक जागेवर होते.

“अरे वा!” इंदिराबाई म्हणाली. “केळ्याचा घड खाल्ला आम्ही. आता मांगे कसं फिरू? आन् पोरगा लाजते किती, हेही सांगते मी मामाले.”

डेअरीवर तर म्हणाले, “इंजिनेर कमी वाटत असंल त साहेब म्हनतो.”

एकही लिंक निघाली नाही. उलट वाढल्या.

भिकनराव आले. मूळचे यावलकडचे, पण तीस वर्षं धुळ्यात काढल्याने बोलण्यात ‘आहे’च्या जागी ‘शे’ शिरलेला. कुंदनकडे दाढी झाली, टपरीवर पान झालं, चक्कीवर उभं राहणं झालं. सगळीकडून तेच वाक्य, तोच ‘इंजिनेर’. खिशातल्या परिचयपत्रात बी. कॉम. मामांनी कपाळाला आठी घातली, धोतराचा सोगा उचलला आणि नारखेड्यांच्या घराऐवजी सरळ शेताच्या रस्त्याला लागले. पोराने खोटं लिहिलं की गावाने खोटं सांगितलं, हे कळल्याशिवाय घरचा चहा घ्यायचा नाही, असं ठरवून. बांधाशी एक माणूस वांगी तोडत होता.

त्यांच्यात काय झालं, ते भूपेंद्रला संध्याकाळी भूमिकाच्या फोनवरून कळलं. दुपारभर मामा घरी आले नाहीत, चहाचं आधण तीनदा आटलं, आईने देवापुढे दिवा लावला, आणि भूपेंद्र ओसरीवर बसून मनात भूमिकाला सांगायची वाक्यं जुळवत होता. त्याआधीच फोन वाजला.

“मामांना अकरा जणांनी एकच सांगितलं,” भूमिका म्हणाली. “एकाच बाटलीतले अकरा नमुने. असा रिपोर्ट मी तर फेकून देते.”

“मी इंजिनिअर नाही. त्यांना थांबवायला गेलो होतो मी, कुणी...”

“ऐका तर. मग मामांना एक वांगीवाले भेटले. ते म्हणाले, या घराशी माझं बोलणं नाही आणि बोलायची इच्छाही नाही. बाप हेकट शे, असं मामांनी आल्या आल्या सांगितलं. पोरगा बी. कॉम. आहे, घुम्या आहे, सकाळी आठशिवाय उठत नाही. एकदा त्याने जळगावचं एक हॉटेल बुडवलं होतं. खरं?”

“खरं.”

“आणि म्हणाले, माझ्याकडून चार दिवस शिकला आणि खाली माझं नाव घातलं. न घालता चाललं असतं. वैऱ्याचं नाव कोण घालतं?”

 म्हणजे सुकदेवने ते वाचलं होतं. कधी, कुणाच्या फोनवर, कोण जाणे.

“मामांची एक अट आहे,” भूमिका म्हणाली. “सुपारी फुटेल तेव्हा तो माणूस बैठकीत पाहिजे. म्हणतात, या गावात मला तेवढाच साक्षीदार मिळाला.”

“आणि तुमची?”

“माझी काही नाही. आठला उठता, ते मात्र चालणार नाही. माझी लॅब सातला उघडते.”

अट ऐकून तोताराम दोन दिवस जेवणावर रागावले. तिसऱ्या दिवशी सकाळी टोपी झटकून घातली आणि बांधापर्यंत गेले. भूपेंद्र केळीच्या आडून बघत होता. त्या दिवशी साडेसहालाच उठला होता, हेही गावाने नोंदवलं.

तोताराम बांधाच्या अलीकडे उभे राहिले. सुकदेवने पाठ फिरवलेलीच होती. 

तोताराम आपल्याच केळीच्या खांबाकडे तोंड करून म्हणाले, “रविवारी सुपारी हाये. अकरा वाजता. ज्या लोकायले यावंसं वाटते, त्यायले येता येईल.”

सुकदेव एक वांगं उचलून उन्हात फिरवत त्यालाच म्हणाला, “भरीत कोन करनार हाये, इचार त्याले. ललितच्या हॉटेलातलं आनलं त मी नही येत.”