भागूचं वाक्य

गुरुजींनी साहेबांसाठी घासून, भरून ठेवलेला पितळी तांब्या उचलला आणि माझ्या बहिणीच्या डोक्यावर ओतला. वरून. हात लागणार नाही इतक्या उंचीवरून. मग म्हणाले, "आता?"

वर्ग हसला.

ही गोष्ट कल्याण-ठाण्याकडच्या पुष्कळांनी ऐकलेली आहे. माझ्याच तोंडून. सभांमध्ये, शाळांच्या संमेलनांत, स्मरणिकांत छापलेली. फक्त मी सांगितलेल्या गोष्टीत पाणी माझ्या डोक्यावर पडतं. बहीण त्यात नसते. ऐंशी उलटून गेल्यावर आज ती घडली तशी लिहितो आहे.

बहिणीचं नाव भागीरथी. घरात भागू. मी चौथीत, ती दुसरीत. आमचं गाव कल्याणच्या पलीकडे, उल्हास नदीच्या काठाला. शाळा लोकल बोर्डाची. एक मोठी खोली, तिला पुढे कौलारू पडवी. खोलीत गाव बसे, पडवीत महारवाडा. महारवाडा म्हणजे मी, भागू आणि कधी आली तर आणखी दोनतीन पोरं. स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती. शिवाशिव कायद्याने संपली, असं गुरुजींनीच आम्हाला शिकवलं होतं. पडवीत बसवून शिकवलं होतं.

गुरुजी खादी घालत. आम्हाला त्यांनी कधी मारलं नाही. मारायला हात लावावा लागतो, हे मला फार उशिरा कळलं. पण शिकवायचे मनापासून, हेही खरं. माझा आवाज चांगला आहे हे सगळ्यांत आधी त्यांनीच ओळखलं.

त्यांचा एक नियम होता. कोरड्याला विटाळ नाही, ओल्याला आहे. हा नियम मला पाढ्यांसारखा पाठ होता. मी कातलेलं सूत गुरुजी घेत, कारण सूत कोरडं. आईने फीच्या बदल्यात दिलेले तांदूळ घेत. पाटी मात्र पुसल्यावर पोटाशी धरून वाळवायची, मग लिहून उंबऱ्यावर ठेवायची, मग मागे सरकायचं. ते उचलायचे, तपासायचे, पुन्हा उंबऱ्यावर ठेवायचे. पाटीवर ओल दिसली की नुसतं बघायचे. तेवढं पुरे व्हायचं. मला हा नियम जाचला नाही. उलट मला तो सोपा वाटे. सांभाळला की काही होत नाही, असं वाटे. भागूला मी शहाण्यासारखा समजावून सांगायचो.

थंडीच्या दिवसांत एकदा डेप्युटी साहेब शाळा बघायला येणार असं ठरलं. गुरुजींनी आठवडाभर पुस्तकं बाजूला ठेवली. तो आठवडा अजून माझ्यासमोर आहे, कारण त्यातले बाकीचे दिवस फार आनंदाचे होते. आम्ही अंगण सारवलं. म्हणजे शेण आम्ही आणलं, कालवलं गावच्या मुलींनी. टकळीवर सूत कातलं. गेरू आणि पानांचा रस काढून चित्रं रंगवली. साहेबांसाठी स्वागतगीत बसवलं आणि ते गायला गुरुजींनी मला निवडलं. पडवीतून, दाराच्या चौकटीशी उभं राहून गायचं. आवाजाला विटाळ नव्हता. गाणं चांगलं झालं तर कल्याणच्या मोठ्या शाळेत तुझ्यासाठी शब्द टाकतो, असं ते म्हणाले होते. हे मी बाबांना सांगितलं होतं. बाबा कल्याणच्या रेल्वे यार्डात खलाशी होते. त्यांनी त्या दिवशी येताना माझ्यासाठी गुळाची जिलेबी आणली. भागूने तिचा वाटा मागितला तर म्हणाले, "त्याला गायाचं हाय, गळ्याला लागंल. तू काय गानार हायेस?"

आणि मातीकाम होतं. नदीकाठची चिकणमाती सगळ्यांनी मिळून आणली. ढेकळं होती तोवर एकच ढीग होता. पाणी घातल्यावर दोन झाले. खोलीतल्यांची माती घमेल्यात, आमची फुटक्या कौलात. आत सगळ्यांनी आंबे, केळी, पेरू केले. भागूने कोंबडी केली. अंड्यांवर खुडूक बसलेली, मान आत घेतलेली. बाभळीच्या काट्याने तिने एकेक पीस काढलं. दोन दिवस ती कोंबडी पडवीच्या कडेला उन्हात वाळत होती आणि भागू कावळ्यांना हाकत होती.

शुक्रवारी गुरुजी पडवीत आले. वाकले. कोंबडीवर नखाने टकटक केलं. पक्की वाळलीय याची खात्री झाल्यावर त्यांनी ती उचलली. आपल्या हाताने.

"वा. कुणी केली ही?"

"मी," भागू म्हणाली.

त्यांनी ती आत नेली आणि पांढऱ्या कपड्यावर आंब्या-पेरूंच्या मधोमध ठेवली. मुलांना म्हणाले, बघा, असा हात पाहिजे. भागू उंबऱ्याशी उभी राहून बघत होती.

घरी जाताना ती गप्प होती. भागू गप्प म्हणजे काहीतरी बिनसलंय असं आई म्हणायची. अर्ध्या वाटेत तिने विचारलं, "दादा, माती वली होती तवा चालत नव्हती ना?"

"नव्हती."

"वाळली म्हून चालली?"

"हो."

"मंग बरं."

मी लक्ष दिलं नाही. मी मनात गाणं म्हणत होतो.

शनिवारी सकाळची शाळा. भागूने अंघोळ केली आणि घरामागे उन्हात जाऊन उभी राहिली. मी ओरडलो, उशीर होतोय. ती म्हणाली, "थांब, केस वले हायेत." पोलक्याची बाही चिमटीत धरून बघत होती. परकराचा घेर बघत होती. आईने तिला वेडी म्हटलं. आम्ही धावत शाळेत गेलो.

साहेब यायचे होते. गुरुजी टेबल मांडत होते. मी चौकटीशी माझ्या जागेवर उभा राहिलो. भागू माझ्या शेजारून गेली, उंबरा ओलांडला आणि सरळ टेबलाजवळ जाऊन कोंबडीपाशी उभी राहिली. पाटलाची मुलगी बाकावरून उठून मागे सरकली.

"भागे, बाहेर हो," गुरुजी म्हणाले. रागाने नाही म्हणाले. वाट चुकलेल्या गुराला म्हणतात तसं.

ती हलली नाही. तिने जे म्हटलं ते असं. एक शब्द इकडचा तिकडे करत नाही.

"गुरुजी, माती वली होती तवा भाईर होती. वाळली मंग तुमी आत घेतली. मी पन वाळलेलीच हाय."

तिने हात पुढे केले. उलटेसुलटे करून दाखवले. त्यात उद्धटपणा नव्हता. गणित सुटलं की पाटी दाखवतात तशी ती स्वतःला दाखवत होती. गुरुजींचाच नियम होता, तिने तो फक्त शेवटपर्यंत नेला होता.

गुरुजी तिच्याकडे बघत राहिले. त्या क्षणी ते काय करतील हे त्यांनाही ठाऊक नसावं. कुणीतरी खुदकन हसलं. मग त्यांनी तांब्या उचलला.

"आता?"

पाणी तिच्या केसांतून, पाठीवरून खाली जमिनीवर आलं. सारवलेल्या जमिनीवर. भागूने आधी खाली पाहिलं, मग माझ्याकडे.

"दादा, तू सांग ना त्यांना."

गुरुजींनीही माझ्याकडे पाहिलं. "हिला घेऊन जा रे. तुला गायचंय ना?"

मी आत गेलो. त्या खोलीत मी पहिल्यांदा पाऊल टाकलं ते या कामासाठी. तिचा दंड धरला आणि ओढत बाहेर आणलं. पडवीच्या टोकाला, साहेबांना दिसणार नाही अशा जागी बसवलं. ती कुडकुडत होती. "तू का नाय सांगत?" असं पुन्हापुन्हा विचारत होती. मी म्हटलं, "गप बस. तुझ्यामुळे माझं जाईल."

मग साहेब आले. मी गायलो. चांगलं गायलो. साहेबांनी कोंबडी हातात घेऊन विचारलं, कुणाची. गुरुजी म्हणाले, "मुलांनीच केलंय सगळं." मी चौकटीशीच उभा होतो. मला बोलता आलं असतं.

संध्याकाळी बाबांना बोलावणं आलं. परत आले ते खाली मान घालून. पोरीला आवर, नाहीतर दोघांचीही शाळा बंद होईल, असं त्यांना सांगितलं होतं. आई भांडली. बाबा एवढंच म्हणाले, "येकाचं तरी होऊ दे." त्या एकात मी होतो. भागू पुन्हा शाळेत गेली नाही. काही दिवस ती शेळ्या घेऊन शाळेच्या बांधाला यायची, पडवीकडे बघत उभी राहायची. मी पाठ करून बसायचो. पुढे ती नदीकाठच्या वीटभट्टीवर विटा वाहू लागली, आणि न्हाण आल्याबरोबर मोहने गावात लग्न करून दिली. मी कल्याणच्या शाळेत गेलो. मॅट्रिक झालो, मास्तर झालो, डोंबिवलीत हेडमास्तर म्हणून निवृत्त झालो.

ते वाक्य माझं कसं झालं, तेही सांगतो. आम्ही धर्म बदलल्यानंतरचे दिवस. कल्याणला एका चाळीच्या पटांगणात आम्ही तरुण पोरं जमायचो. एकेक जण उठून आपला अपमान सांगायचा आणि आपण कसे उलटलो ते सांगायचा. माझी पाळी आली. माझ्याकडे अपमान होते. उलटणं नव्हतं. मी उभा राहिलो आणि भागूचं वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं. "मी पण वाळलेलाच आहे, गुरुजी." मग टाळ्या. एक म्हातारा रडत पुढे आला आणि त्याने माझे हात धरले. ते हात तेव्हाच सोडवून घेऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पुढच्या वेळी ती गोष्ट जास्त चांगली सांगितली.

भागूला हे कळलं होतं. ती भांडली नाही, पण सोडलंही नाही तिने मला. तिच्याकडे गेलो की चहा ठेवताना मुलीला म्हणायची, "मामाला विचार गं, वलं चालतंय का?" मुलीला वाटे आई नुसती चेष्टा करते. मी हसायचो. एकदा माझ्या शाळेच्या संमेलनात मुलांनी त्या गोष्टीचं नाटुकलं केलं. भागू बायकांत बसली होती. रंगमंचावर एका मुलाच्या डोक्यावर खरोखरचं पाणी ओतलं. टाळ्या थांबेनात. निघताना ती माझ्याजवळ आली, पदर सावरला आणि म्हणाली, "पोरगा गारठला आसंल रे. टावेल तरी द्यायाचा."

त्यानंतर ती माझ्या एकाही कार्यक्रमाला आली नाही.

गेल्या वर्षी ती गेली. मोहन्याला शोकसभा झाली. बोलणाऱ्यांनी सांगितलं की बाई भाग्यवान, असा लढाऊ भाऊ तिला लाभला. आणि तिच्याच फोटोसमोर तिची गोष्ट माझ्या नावाने सांगितली. मी पहिल्या रांगेत होतो. खुर्ची दिली होती.

सभा संपल्यावर भाची मला गेटपर्यंत सोडायला आली. म्हणाली, "मामा, आई शेवटी शेवटी म्हणायची, ते बोललेली ती होती. आम्हाला वाटायचं, बरळतेय. तुम्ही सांगा. खरं काय?"

आता तर कसलीच भीती नव्हती. गुरुजी कधीच गेले. नोकरी संपली. माझं जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. आणि मी म्हणालो, "लहान होती गं ती. तिला काय आठवणार."

"बरं," भाची म्हणाली आणि आत गेली.

त्या दिवशी रिक्षात बसल्यावर मला पहिल्यांदा नीट दिसलं. गुरुजींनी तिची कोंबडी आत घेतली आणि तिला बाहेर ठेवलं. मीही तेच केलं. तिचं वाक्य आत घेतलं, मधोमध मांडलं, आणि तिला बाहेर ठेवलं. गुरुजींचं एका सकाळपुरतं होतं. माझं जन्मभर चाललं. गुरुजींवर मी आयुष्यभर भाषणं केली. ज्याच्यावर करायला हवी होती तो माईकसमोर उभा होता.

आता गावात वाचनालय होत आहे. दाराशी दगडी पाटी बसणार आहे, तिच्यावर ते वाक्य आणि खाली माझं नाव. वाचनालय उभारणारी पोरं मजकूर दाखवायला घेऊन आली तेव्हा मी त्यांना खरं सांगितलं. सुरुवातीला त्यांना तो माझा विनय वाटला. मग ती गोंधळली. त्यांच्यातला एक म्हणाला, "सर, लोकांना त्यातून बळ मिळतं. नाव कुणाचं, यानं काय फरक पडतो?"

मी म्हटलं, "एक मुलगी दुसरीतून घरी बसली. इतका पडतो."

तरी त्यांनी मजकूर बदललेला नाही. विचार करतो म्हणाले.

मी विचार करणार नाही. उद्या सकाळी मोहन्याला जातो. भाचीसमोर हे सगळं वाचून दाखवतो, गेटवरचं माझं उत्तरही. शेजारपाजाऱ्यांना बोलव म्हणतो. तिने माफ करावं म्हणून जात नाही. तो हक्क तिच्या आईचा होता आणि मी तिला तो वापरायची संधी दिली नाही. त्यानंतर जिथे जिथे मी ती गोष्ट सांगितली, त्यांतल्या ज्या जागा उरल्या आहेत तिथे जाईन, जेवढं चालवेल तेवढं. वाचनालयाच्या पाटीवर भागीरथीचं नाव आलं नाही, तर उद्घाटनाच्या दिवशी लोकांसमोर ती पाटी उतरवायला लावीन. माझं नाव असलेली एकही ओळ तिथे राहू देणार नाही.

माझ्याविषयी पुढे कुणाला काही सांगायचंच असेल, तर एवढं सांगा: बहिणीने हाक मारली तेव्हा हा तिथे होता, आणि याने तिचा दंड धरून तिला बाहेर ओढलं.