सायवनची मधआजी

मध मागायला गेलं की मधआजी आधी म्हणायची, "खोकून दाखव." खायच्या मधाला ती तांदूळ घ्यायची, औषधाचा मध फुकट. त्यामुळे सायवनात ज्याला त्याला खोकला. आजी डोळे मिटून ऐकायची आणि हसायची, "हा खोकला भाकरीसंगं खायचा हाय. आण तांदूळ!"

नवरा जंगलखात्यात गार्ड, म्हणून एकोणीसशे साठच्या सुमारास मी कऱ्हाडकडून तिथं, डहाणूकडच्या रानात गेले. शाळा पाचवीत सुटलेली, ओळखीचं कुणी नाही, आणि स्वभाव असा की पान हललं तरी छातीत धस्स व्हायचं. आजी शेजारीच राहायची. भात-नागली पिकवणारं घर. तिचा मुलगा पोळं कापायचा तेव्हा ती झाडाखाली उभी राहून ओरडायची, "पोरांचा भाग सोड रं! आपण लुटाय नाय आलो." अंडी-अळ्यांचा तुकडा फांदीवर तसाच राहायचा.

माझा हात चुलीवर भाजला, तेव्हा तिनं तो आधी गार पाण्यात धरायला लावला, मग वर मधाचा हात फिरवला. टाचांच्या भेगांनाही मधच. रोज सकाळी नागलीच्या गरम भाकरीवर मध घालून माझ्यापुढं धरायची.

"हे कशाचं औषध, आजी?"

"म्हायेर आठवतंय त्याचं. खा गप."

माझी सुमी तीन वर्षांची असताना खोकल्यानं बेजार झाली. आजीनं आल्याच्या रसात मध चाटवला, जरा उतार पडला. पण एका सकाळी पोरीच्या पाठीला कान लावून तिनं ऐकलं आणि बाटलीला बूच घातलं.

"हा खोकला माझा नाय, बाय. डहाणूला चल."

नवरा रानात फिरतीवर. मी पोरीला कडेवर घेऊन दारातच घुटमळले. आजी मात्र सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. लाकडांचा ट्रक करकचून थांबला.

गुजराती ड्रायव्हर ओरडला, "माजी, मरशो!"

"मी नाय मरत. पोर आजारी हाय, दार उघड."

आजीच्या हातातली मधाची बाटली बघून वाटेत तो लाडात आला, "माजी, मने पण खांसी छे."

"आधी गाडी हाक, मंग खोक!"

रडता रडता मला हसू फुटलं.

छातीत कफ साठलाय, वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. सुया सुरू झाल्या. आजी घरी गेलीच नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात तिनं ठाणच मांडलं. मासे कापताना बोट चिरलेली कोळीण, घसा बसलेला शिपाई, सगळे तिच्याकडं. ती कोळणीला आत पिटाळायची, "आधी डाक्टरला दाव, मंग माझ्याकडं ये."

पुढं आमची बदली झाली. आजी गेल्याचं कळलं तेही फार उशिरा. पण आजी म्हटलं की मला तो व्हरांडाच दिसतो. सुमीचा ताप उतरला होता आणि तिनं आपणहून खायला मागितलं होतं. बाटली तोवर वाटून रिकामी झालेली. आजीनं तिच्यात कोमट पाणी ओतलं, खळखळून हलवलं, ते वाटीत घेतलं आणि वाटी पोरीच्या ओठांना लावली. सुमीनं वाटी निपटून चाटली, ओठांवरून जीभ फिरवली.

"अजून," ती म्हणाली.

आजीनं माझ्याकडं पाहिलं. "ऐकलंस? आता रड खुशाल!"