कच्च्या शिलाईवर ठेवलेली होडी

मास्तर शिंपी होते, आणि तीनदा मोजल्याशिवाय कापडाला कात्री लावत नसत. गिऱ्हाईक घाईला आलं की खडू खाली ठेवून म्हणत, "एवढी घाई असेल तर तयार कपडे घ्या." असा माणूस बाराशे किलोमीटरवरची जुनी होडी न बघता कशी घेणार? तर घेत नव्हता. आठ महिने घेत नव्हता.

होडी हवी होती त्यांच्या बायकोला. तिचं माहेर तळ्याकाठचं. वडिलांची शिडाची होडी तिच्या लग्नाआधीच विकली गेली होती. तिचं हृदय कमजोर झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच आठवड्यात तिने एक जाहिरात मास्तरांपुढे धरली. छोटीशी, दोन माणसांची, ट्रेलरवर घालून गाडीमागे ओढत आणता येईल अशी होडी. "अहो, एवढी घ्या," ती म्हणाली. चौतीस वर्षांच्या संसारात तिने धरलेला हा एकुलता एक हट्ट.

मास्तरांनी फोटो मागवले. आधी शिडाच्या शिलाईचे. टीप कुठे उसवली आहे, ठिगळ कसल्या दोऱ्याने लावलंय. मग डोलकाठीचे, तळाचे, ट्रेलरच्या चाकांचे. विकणारा म्हणजे होड्या दुरुस्त करणारा एक सोशिक म्हातारा. तो बिचारा दर वेळी ताडपत्री काढून फोटो पाठवी. मास्तर ते बायकोला दाखवत आणि वर म्हणत, "सुकाणू जरा सैल वाटतंय. विचारतो." ती म्हणे, "विचारा." मग म्हणू लागली, "अजून किती विचारणार?" शेवटी शेवटी नुसती फोटो बघत राही.

लोक म्हणाले, मास्तर भारी चिकित्सक. चिकित्सक कसले, घाबरले होते. दुकानातला त्यांचा अनुभव असा, की कच्च्या शिलाईवर ठेवलेला कपडा टाकून गिऱ्हाईक कुठे जात नाही, ट्रायलला येतंच. होडीचं अर्धवट ठेवलं तर बायकोसुद्धा होडीसाठी थांबेल, सोडून जाणार नाही, असं त्यांनी मनाशी घट्ट धरलं होतं. एरवी इतक्या शहाण्या माणसाने असं वागावं, याचा अजूनही राग येतो.

ती थांबली नाही. एका सकाळी चहा गाळता गाळता खाली बसली, ती उठलीच नाही.

दोन महिन्यांनी मास्तर मेव्हण्याची गाडी आणि मेव्हणा, दोघांना घेऊन होडी आणायला निघाले. आता कशाला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. दोन दिवसांनी पोचले. शिलाई पक्की होती. सुकाणूही ठीक होतं; फोटोत सैल दिसलं ती नुसती सावली होती.

होडी ट्रेलरला बांधताना म्हाताऱ्याने विचारलं, "वहिनी नाही आल्या?"

मास्तरांनी सांगितलं.

म्हाताऱ्याच्या हातातला दोर तसाच राहिला. मग तो म्हणाला, "मला एकदा फोन केला होता त्यांनी. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या. तुम्ही इतक्या मनापासून चौकशी करताय, वाईट वाटेल म्हणून. म्हणत होत्या, गळकी असली तरी चालेल, पाण्यात नाहीच गेली तरी चालेल. दारात ट्रेलरवर उभी असली, तर आत जाऊन बसता येईल का?"

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, न बसायला काय झालं. काठ तसा उंच आहे, स्टूल लागेल एक. तर म्हणाल्या, स्टुलावर चढणं आता काही जमायचं नाही मला."

मास्तरांचा हात सवयीने खिशातल्या टेपकडे गेला. त्यांनी टेप जमिनीपासून काठापर्यंत धरली, आकडा बघितला, परत धरली, परत बघितला. तिसऱ्यांदा धरायला वाकले तेव्हा मेव्हण्याने खांद्यावर हात ठेवला. "भावोजी, चला आता."

"अडतीस इंच," मास्तर म्हणाले. "अरे, मी उचलून ठेवलं असतं तिला. वजन तरी काय राहिलं होतं तिचं."