शून्यावर संपणारे आकडे

माझे यजमान धंतोलीत फिजिशियन होते. ते गेल्यावर दवाखान्यातली रजिस्टरं मी प्रताप नगरच्या घरी आणली. गावाकडच्या पेशंटांच्या रक्तदाबावर एक शोधनिबंध लिहायचं त्यांच्या फार मनात होतं. रिटायर झाल्यावर बघू, बघू करत राहूनच गेलं. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलेलं. म्हटलं, आपण पूर्ण करू. आकडे बाहेरून टाइप करून घेतले आणि वर्षभर त्या लेखाशी बोलत बसले. दुसरं बोलायला होतं तरी कोण?

हल्ली मासिकाकडे लेख पाठवला की आधी माणूस वाचत नाही, सॉफ्टवेअर वाचतं. संदर्भ, उचलेगिरी, आकडेमोड, सगळं तपासून अहवाल देतं. माझ्या अहवालात लाल अक्षरांत होतं: रक्तदाबाचे जवळपास सगळे आकडे शून्यावर संपतात, ते प्रत्यक्ष मोजलेले नसण्याची शक्यता आहे.

माझं डोकंच फिरलं. उभं आयुष्य त्या खुर्चीत घालवलेल्या माणसाला हे यंत्र खोटारडं ठरवणार? पण खरं सांगायचं तर मलाही शंका आलीच. १३०, १४०, १५०. तोंडं बघून तर लिहीत नव्हते ना? ते असते तर तिथल्या तिथे विचारलं असतं, कडकडून भांडले असते. आता भांडायलाही घरात कोणी नाही, हे त्या दुपारी जेवढं लागलं तेवढं ते गेले तेव्हाही लागलं नव्हतं.

शेवटी त्यांच्या जुन्या कंपाउंडरला फोन लावला.

"काहून असं विचारून राहिल्या बाई?" तो दुखावलाच. "पट्टा तं मीच बांधत होतो. साहेब रोज मोजत. पण बाहेर बाकं भरून राहत ना! जवळचा दहाचा आकडा लिहिला, का पुढचा पेशंट."

माझा जीव भांड्यात पडला. आकडे जवळच्या दहावर लिहिलेले आहेत, असं संपादकांना कळवायचं ठरवलं आणि अहवालाचं दुसरं पान उघडलं. तिथे 'इतरांपेक्षा वेगळ्या नोंदी' अशी छोटी यादी होती. १३४, ८२. १२८, ७६. रजिस्टरची पानं काढून पाहिली. सगळ्या शनिवारच्या, आणि सगळ्यांसमोर नाव माझं.

शनिवारी कॉलेजातून परतताना मी दवाखान्यात डोकवायची. ते हटकून स्वतः पट्टा बांधायचे आणि पाऱ्यावरची नजर हलवायचे नाहीत. मी करवादायची, "किती वेळ लावता? बाहेर लोक खोळंबलेत!"

"गप बस वं, नीट पाहू दे," म्हणायचे.

नीट पाहत होते. एकेक बारीक रेघ मोजत होते, बाहेर बाकं भरलेली असताना. मी टेबलावर डोकं ठेवून रडले.

त्या ओळी मात्र काढाव्याच लागल्या. डॉक्टरची बायको अभ्यासातल्या पेशंटांत धरता येत नाही. संपादकांसाठी खुलासा जोडला आणि लेख पुन्हा तपासायला टाकला. या वेळी दुसऱ्या पानावर एकच वाक्य आलं: वेगळी नोंद आढळली नाही.

मग आधीचा अहवाल, ज्यात मी होते, तेवढा छापून घेतला.