मी सांगितलेलं खोटं

“बंडीवर नको चढू. खालीच उभी राय. तिथूनच बोल.”

मालक बैलबंडीवर उभे, गळ्यात हार. निवडणुकीला उभे राहिले होते. मी खाली चाकाजवळ, पाय शेणात. माझी जात बंडीवर चालत नव्हती, माझी तेलुगू चालत होती. माहेर माझं प्राणहिता नदीपल्याडचं. लग्न होऊन अहेरीकडं आले, मालकांकडं धान कांडायला लागले.

त्याच सकाळी अहेरीच्या बाजारात मालक मराठीत बोलले होते, “नदीपल्याडचे लोक येऊन तुमची जमीन खाऊन राह्यले. मले निवडून द्या. एकेकाले परत धाडतो.” टाळ्या पडल्या. मीही पल्याडचीच. कुणी पाहिलंसुद्धा नाही माझ्याकडं.

दुपारी त्याच पल्याडच्या लोकांच्या वस्तीत आलो. तिकडच्या जमीनदाराच्या जाचातून पळून आलेली माणसं. मराठी कुणालाच कळत नव्हती.

“यायले सांग, तुमी आमच्या घरचेच. तुमच्या झोपडीले कोनी हात लावनार नाई.”

“पन मालक, सकाळी तं...”

“तुले बोलाले आनलं. डोकं चालवाले नाई.”

बंडीवरचे सगळे हसले. मी सांगितलं. गोड करून सांगितलं.

वस्तीत माझी मावशी होती, पोचम्मा. आई मेल्यावर तिनंच मला वाढवलं. माझी हनुवटी धरून तिनं तेलुगूत विचारलं, “खरं ना गं? मग आम्ही परत जात नाही. इथंच धान लावतो.”

मी मान हलवली. हो म्हणून.

मालक निवडून आले. धान पोटरीत आलं, लोंब्या फुटायच्या बेतात, आणि त्यांची माणसं आली. झोपड्या मोडल्या. उभ्या पिकात गुरं घातली. मी धावत गेले, तर मावशी डोक्यावर गाडगी घेऊन नदीकडं निघालेली. मी पाया पडले. तिनं पाय मागं घेतला.

“त्याची भाषा मला कळत नव्हती. मी तुझं ऐकलं.”

एवढंच. पुढच्या उन्हाळ्यात ती पल्याड तापानं गेली. मला निरोपही आला नाही.

पुढच्या निवडणुकीला मालकांनी पुन्हा बोलावलं. मी गेले. समोर अहेरीचे लोक होते, आणि पल्याडून नव्यानं आलेलेही.

“सांग,” मालक म्हणाले.

मी सांगितलं. मालक मराठीत काय बोलतात, ते तेलुगूत. वस्तीत काय वचन दिलं होतं, ते मराठीत. मावशीचं नाव घेतलं. आणि म्हणाले, “ते खोटं माह्या तोंडानं सांगतलं. मी सांगतलं.”

मालकांच्या माणसानं केस धरून मला फरफटत नेलं. काम गेलं. मालक त्याही वेळी निवडून आले.

मावशीनं मला माफ केलं नाही. मीही स्वतःला केलं नाही.

आता कुणी पुढारी येणार असं कळलं, की मी त्याच्या आधी वस्त्यांवर जाते. पायी. तो दुसरीकडं काय बोलला, ते ऐकणाऱ्याच्या भाषेत सांगते. हाकलतात, शिव्या घालतात. मारलं तरी सांगणार.